एकवीस चोक चौऱ्याऐंशी

चार खेळांपैकी तीन खेळांत मागे राहायचं आणि सामना मात्र जिंकायचा, हे रॅकेटलॉनमध्ये होऊ शकतं. तसं झालं तर हरणाऱ्याला तक्रारीला जागा नसते, कारण नियमच तसे आहेत.

एक कल्पित सामना घेऊ. पहिला खेळाडू टेबल टेनिसमध्ये मुरलेला, दुसरा त्या खेळात नवखा. टेबल टेनिस संपतं 21-3 असं. मग बॅडमिंटन. तिथे दुसरा सरस ठरतो आणि पहिला 17-21 हरतो. स्क्वॉशमध्येही तेच, 16-21. आता बेरीज करा. पहिल्याचे 21, 17 आणि 16 मिळून 54. दुसऱ्याचे 3, 21 आणि 21 मिळून 45. लागोपाठ दोन खेळ हरूनही पहिला नऊ गुणांनी पुढे आहे. उरलं टेनिस, आणि टेनिस तर दुसऱ्याचा हातखंडा. पण पहिल्याला टेनिस जिंकायची गरजच नाही, त्याला फक्त तेरा गुण मिळवायचे आहेत. तेरावा गुण पडला की दुसऱ्याने पुढचे सगळे गुण घेतले तरी 21-13, म्हणजे आठच गुणांची भरपाई होते आणि नऊची तूट एका गुणाने उरतेच. पंच सामना तिथेच थांबवतात. फलकावर टेनिसचे गुण 13-18 असे असतील, म्हणजे टेनिसमध्येही पहिला मागेच, आणि हस्तांदोलनासाठी जाळ्याकडे विजेता म्हणून येतो तोच.

रॅकेटलॉनचा जीव या मोजणीत आहे. टेबल टेनिस, बॅडमिंटन, स्क्वॉश आणि टेनिस हे चार खेळ एकाच प्रतिस्पर्ध्याशी, एकापाठोपाठ एक खेळायचे. प्रत्येक खेळाचा एकच सेट, 21 गुणांचा. शेवटी किती खेळ जिंकले हे कोणी विचारत नाही, एकूण गुण किती हे पाहतात. वीस-वीसची कोंडी न होता चारही सेट जिंकले तर एकवीस चोक चौऱ्याऐंशी. पण 84 गुण मिळवणं हे काही उद्दिष्ट नसतं. प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक गुण जास्त असला की पुरतं.

नियम थोडक्यात सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. चारही खेळांत प्रत्येक रॅलीला गुण मिळतो, सर्व्हिस कोणाचीही असो. सर्व्हिस दोन-दोन गुणांनी बदलते. सेट जिंकायला दोन गुणांचं अंतर लागतं, त्यामुळे वीस-वीस झाले की खेळ लांबतो. टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि टेनिसमध्ये कोणाचे अकरा गुण झाले की बाजू बदलतात. स्क्वॉशमध्ये दोघं एकाच भिंतीकडे तोंड करून खेळतात, तिथे बाजूंचा प्रश्नच नाही. सामन्याआधी नाणेफेक होते आणि त्यावरून पहिली सर्व्हिस वाटून घेतली जाते: टेबल टेनिस आणि स्क्वॉशची सुरुवात एकाकडे, बॅडमिंटन आणि टेनिसची दुसऱ्याकडे. प्रत्येक खेळाआधी हात मोकळे करायला काही मिनिटं मिळतात. बाकी चेंडू आत-बाहेर कधी, जाळ्याला हात लागला तर काय, सर्व्हिस कुठून करायची, हे सगळं त्या त्या खेळाच्या मूळ नियमांप्रमाणे. पूर्ण सामना तास-दीड तासात आटोपतो.

एकवीसचा आकडा जुन्या टेबल टेनिसपटूंना घरचा वाटेल. 2001 पर्यंत टेबल टेनिसचा गेम 21 चाच होता, तो नंतर अकरावर आला. बॅडमिंटनने 2006 पासून प्रत्येक रॅलीला गुण देणारी 21 ची पद्धत घेतली, त्यामुळे आजच्या बॅडमिंटनपटूलाही हा आकडा परका नाही. गोंधळतो तो टेनिसपटू. पंधरा, तीस, चाळीसची सवय मोडावी लागते. त्याहून मोठी अडचण म्हणजे सबंध गेमभर सर्व्हिस हाती राहण्याची चैन इथे नाही. तडाखेबंद सर्व्हिसवर गेममागून गेम काढणाऱ्याला दोन गुण झाले की चेंडू पलीकडे द्यावा लागतो. चुकलेल्या पहिल्या सर्व्हिसनंतरची दुसरी संधी मात्र टेनिसच्या रिवाजाप्रमाणे मिळते.

खेळांचा क्रमही ठरलेला आहे, आणि तो रॅकेटच्या लांबीनुसार लागतो. टेबल टेनिसची बॅट वीतभराहून थोडी मोठी. बॅडमिंटनच्या रॅकेटची लांबी नियमानुसार जास्तीत जास्त 68 सेंटिमीटर, स्क्वॉशची 68.6, टेनिसची 73.7. मैदानं मात्र या क्रमाने वाढत नाहीत. टेबल 9 बाय 5 फूट. बॅडमिंटनचं एकेरीचं कोर्ट 44 बाय 17. स्क्वॉशचं 32 बाय 21, चारही बाजूंनी भिंती. टेनिसचं एकेरीचं 78 बाय 27. जाळं आधी सहा इंचांचं, मग पाच फुटांचं, मग नाहीच, त्याजागी समोरच्या भिंतीवर खाली पत्र्याची पट्टी, आणि शेवटी मध्यभागी तीन फुटांचं. खेळाडूच्या डोळ्यांना आणि पायांना तासाभरात चार वेगवेगळ्या जगांशी जुळवून घ्यावं लागतं.

ही कल्पना निघाली उत्तर युरोपात. 1980 च्या दशकात फिनलंड आणि स्वीडनमध्ये, ट्रायथलॉन आणि डेकॅथलॉनचा नमुना समोर ठेवून, रॅकेटचे खेळ एकत्र गुंफले गेले. तिथे हिवाळा लांब आणि अंधारा असतो, खेळायचं ते छपराखाली, आणि एकाच इमारतीत वेगवेगळी कोर्ट असणं तिकडे नवलाचं नाही. शिवाय स्वीडन त्या काळात या खेळांनी भारलेला होता. ब्योर्न बोर्ग, मॅट्स विलँडर, स्टेफान एडबर्ग हे टेनिसमधले, आणि यान-ओव्ह वाल्डनर टेबल टेनिसमधला. बोर्गच्या हाती टेनिस आलं तेही टेबल टेनिसमुळे. त्याच्या वडिलांनी टेबल टेनिसच्या एका स्पर्धेत बक्षीस म्हणून टेनिसची रॅकेट जिंकली आणि ती मुलाला दिली. अशा देशात कोणाला तरी चारही खेळ एका सामन्यात बसवावेसे वाटले, याचं मला आश्चर्य वाटत नाही. पुढे रॅकेटलॉनची आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली, जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धा होऊ लागल्या, देशोदेशी फिरणारी स्पर्धामालिका आली. आज भारतातले खेळाडूही या स्पर्धांत उतरतात. या स्पर्धांत अव्वल खेळाडूंच्या गटाबरोबर हौशी खेळाडूंचे गट असतात, वयोगटही असतात, त्यामुळे पंचेचाळिशीतला बँक अधिकारी आणि जागतिक क्रमवारीतला खेळाडू एकाच छपराखाली, एकाच दिवशी स्पर्धा खेळताना दिसतात.

आता हाताकडे वळू, कारण खरी गंमत आणि खरी अडचण तिथेच आहे.

टेबल टेनिसची रबर लावलेली बॅट साधारण 180 ग्रॅमची. बॅडमिंटनची रॅकेट तिच्याहून कितीतरी लांब, पण वजन 85 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे निम्म्याहूनही कमी. स्क्वॉशची रॅकेट 130 ग्रॅमच्या घरात. आणि टेनिसची 300 ग्रॅम, स्क्वॉशच्या दुपटीहून जास्त. म्हणजे हातातलं वजन कमी होतं, मग वाढतं, मग एकदम उडी घेतं. चेंडूंचा हिशेब आणखी विचित्र आहे. टेबल टेनिसचा चेंडू 40 मिलिमीटर व्यासाचा आणि 2.7 ग्रॅमचा. स्क्वॉशचा चेंडूही जवळपास 40 मिलिमीटरचाच, पण वजन 24 ग्रॅम. आकार तोच, वजन नऊपट. मध्ये बॅडमिंटनचं शटल, सोळा पिसांचं, पाच ग्रॅमच्या आगेमागे. शेवटी टेनिसचा चेंडू, 56 ते 59.4 ग्रॅम.

टेबल टेनिसमध्ये वेळच नसतो. नऊ फुटांच्या टेबलावर चेंडू येतो आणि त्याला फिरकी कुठली आहे हे समोरच्याच्या बॅटच्या हालचालीवरून, चेंडू टप्पा घेण्याआधी ओळखावं लागतं. नवखा हरतो तो इथे. त्याची बॅट योग्य जागी असते, पण तळातून कापलेला चेंडू त्याच्या बॅटला लागून जाळ्यात जातो, आणि पुढच्या वेळी तो बॅट उघडी धरतो तेव्हा वरून घासलेला चेंडू छताकडे उडतो. रॅली अशी होतच नाही. म्हणून या पहिल्याच खेळात 21-3 किंवा 21-5 सारखे आकडे सहज लागतात.

बॅडमिंटनमध्ये पकड सैल करावी लागते. टेबल टेनिस खेळून आलेला खेळाडू रॅकेट घट्ट धरतो, कोपरापासून मारतो, आणि शटल अर्ध्या कोर्टात पडतं. बॅडमिंटनचा जोर पुढच्या हाताच्या फिरकीतून आणि बोटांच्या आवळण्यातून येतो, तोही फटक्याच्या अगदी अखेरच्या क्षणी. शिवाय शटल चेंडूसारखं उडत नाही. सात्विकसाईराज रंकीरेड्डीच्या स्मॅशचा वेग 2023 मध्ये ताशी 565 किलोमीटर नोंदला गेला, पण तो रॅकेट सोडतानाचा वेग. पिसांना हवेचा इतका अडथळा होतो की जाळं ओलांडेपर्यंत वेग भराभर उतरतो, आणि उंच टाकलेलं शटल शेवटी जवळजवळ सरळ खाली येतं. टेनिसपटूला हे पहिल्यांदा भेटतं तेव्हा तो शटलची वाट पाहत खूप मागे उभा राहतो आणि ते त्याच्यापुढे पडतं.

स्क्वॉशबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण चारांतला हाच खेळ महाराष्ट्रात सगळ्यांत कमी लोकांनी खेळलेला आहे. मुंबईच्या महेश माणगावकरने आशियाई स्पर्धांत 2014 साली इंचॉनला भारतीय पुरुष संघातून सुवर्ण मिळवलं, हांगझोला पुन्हा तेच, आणि 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये स्क्वॉश पहिल्यांदाच दिसणार आहे. तरीही साध्या तालुक्याच्या गावात स्क्वॉशचं कोर्ट सापडणं कठीण. या खेळाचा रबरी चेंडू थंड असताना उसळतच नाही. दोन पिवळ्या ठिपक्यांचा स्पर्धेचा चेंडू हातातून जमिनीवर टाकून पाहा, तो घोट्यापर्यंतही येत नाही. म्हणून सरावाच्या त्या काही मिनिटांत दोघं मिळून चेंडू भिंतीवर जोरजोराने मारतात, त्याला तापवतात, मगच तो खेळण्याजोगा होतो. नवखे खेळाडू इथेही फसतात: त्यांचे फटके मवाळ, त्यामुळे चेंडू पुन्हा गार होतो, आणि गार चेंडू कोपऱ्यात मेल्यासारखा पडतो. दोन्ही खेळाडू एकाच जागेत वावरत असल्याने टेनिसचा मोठा, पसरलेला फटका इथे समोरच्याच्या तोंडावर बसू शकतो. रॅकेट अंगाजवळ ठेवून, मनगट उचलून धरून मारावं लागतं. आणि दमछाक! मुरलेला स्क्वॉशपटू कोर्टाच्या मधोमध उभा राहून चेंडू चार कोपऱ्यांत फिरवत राहतो आणि दुसरा धावत राहतो. 21-2 ने हरलेला खेळाडू कोर्टाबाहेर येतो तो घामाने निथळत, आणि लगेच त्याला टेनिस खेळायचं असतं.

आपल्याकडे टेनिस बहुधा उघड्यावर. ऊन, वारा, मोठं मैदान. 24 ग्रॅमचा चेंडू मनगटाने फिरवत आलेल्या हातात 300 ग्रॅमची रॅकेट येते. पहिल्या दोन-तीन फटक्यांत मनगट आपोआप वळतं आणि चेंडू मागच्या कुंपणावर जातो. टेनिसला मनगट स्थिर हवं, जोर पायांतून, कमरेतून आणि खांद्यातून यायला हवा. बॅडमिंटनमध्ये तरबेज असलेला खेळाडू टेनिसची पहिली सर्व्हिस कशी करतो ते जवळून पाहण्यासारखं असतं. चेंडू वर फेकणं त्याला जड जातं, कारण शटल त्याला कधी स्वतःला फेकावं लागलेलं नाही. फेक मागे जाते, तो त्याच्याखाली धडपडतो. पण एकदा फेक नीट पडली की वरून येणारा हात अगदी तयार असतो, कारण स्मॅशमध्ये आणि सर्व्हिसमध्ये खांदा तसाच उघडतो, कोपर तसंच वर जातं, पुढचा हात तसाच फिरतो.

एका खेळातलं दुसऱ्यात काय येतं आणि काय आड येतं, हे असं जोडीजोडीने पाहावं लागतं. बॅडमिंटनचा वरून मारायचा फटका टेनिसच्या सर्व्हिसला उपयोगी. बॅडमिंटन आणि स्क्वॉशमध्ये लांब पाऊल टाकून वाकणं जवळपास सारखंच, त्यामुळे एकाचे पाय दुसऱ्यात चालतात. टेबल टेनिसमध्ये चेंडूला वरून घासून फिरकी देणारा माणूस टेनिसचा टॉपस्पिन लवकर उचलतो. आड येते ती पकड, आणि आड येतो तो वेळेचा अंदाज. खेळ बदलल्यावर पहिले पाच-सहा गुण हात अजून मागच्याच खेळात असतो. जो खेळाडू हे गुण कमीत कमी गमावतो, तोच रॅकेटलॉनमध्ये वर चढतो. चार खेळांतलं कौशल्य मी महत्त्वाचं मानतोच, पण एका खेळातून दुसऱ्यात झटकन शिरण्याची ही हातोटी मला स्वतंत्र कौशल्य वाटते, आणि तिचा सराव वेगळा करावा लागतो. चार दिवस चार खेळ खेळून ती येत नाही. एकाच संध्याकाळी, लागोपाठ, पंधरा-पंधरा मिनिटं खेळून येते.

रॅकेटलॉन जन्माला यायच्या कितीतरी आधी असे खेळाडू होऊन गेले आहेत. फ्रेड पेरी हे त्यांतलं सगळ्यांत मोठं नाव. त्याने 1929 मध्ये बुडापेस्टला टेबल टेनिसचं जागतिक अजिंक्यपद मिळवलं, मग टेबल टेनिस सोडून टेनिस धरलं आणि 1934, 1935, 1936 अशी लागोपाठ तीन वर्षं विंबल्डन जिंकलं. चेंडू टप्पा घेऊन वर येत असतानाच गाठून मारायचा त्याचा फोरहँड प्रसिद्ध होता, आणि त्याची मुळं टेबलावरच्या खेळात होती हे उघड आहे. त्याच्यानंतर विंबल्डनच्या पुरुष एकेरीत ब्रिटिश विजेता मिळायला 2013 उजाडलं, तो अँडी मरे.

अ‍ॅन हेडन हिची गोष्ट पेरीइतकी सांगितली जात नाही, आणि सांगितली जायला हवी. स्टॉकहोमला 1957 च्या जागतिक टेबल टेनिस स्पर्धेत ती एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी अशा तिन्ही अंतिम सामन्यांत पोहोचली आणि तिन्ही हरली. बारा वर्षांनी, लग्नानंतर अ‍ॅन जोन्स या नावाने, तिने विंबल्डनच्या अंतिम सामन्यात बिली जीन किंगला हरवलं. तिच्याही आधी किटी मॅकेन होती. ऑल इंग्लंड बॅडमिंटनचं एकेरीचं अजिंक्यपद तिने 1920 ते 1924 मध्ये चार वेळा जिंकलं आणि 1924 मध्येच विंबल्डनही. त्या अंतिम सामन्यात तिने हेलन विल्सला हरवलं, आणि विंबल्डनच्या एकेरीत विल्सचा तो एकमेव पराभव ठरला. अमेरिकेची मार्गारेट व्हार्नर तर तीन खेळांत देशासाठी खेळली: बॅडमिंटनमध्ये उबेर कप, टेनिसमध्ये वाइटमन कप, स्क्वॉशमध्ये वुल्फ-नोएल कप. 1955 आणि 1956 ची ऑल इंग्लंड विजेती, 1958 च्या विंबल्डनमध्ये महिला दुहेरीच्या अंतिम सामन्यात, आणि पुढे अमेरिकेची राष्ट्रीय स्क्वॉश विजेती. रॅकेटलॉन तेव्हा असतं तर तिला हरवणं फार थोड्यांना जमलं असतं.

आपल्याकडचं नाव म्हणजे नंदू नाटेकर. सांगलीचा हा मुलगा आधी टेनिसमध्ये होता. राष्ट्रीय कुमार टेनिस स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथे रामनाथन कृष्णनकडून हरला. मग त्याने बॅडमिंटनला वाहून घेतलं. 1956 मध्ये क्वालालंपूरला सेलंगोर आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकून परदेशात बॅडमिंटनचं विजेतेपद मिळवणारा तो पहिला भारतीय झाला. 1961 मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाले, तेव्हा पहिल्याच यादीत नाटेकरचं नाव होतं. घरात टेनिस परत आलं ते मुलाच्या रूपाने: गौरव नाटेकर टेनिसचा राष्ट्रीय विजेता झाला. बॅडमिंटनशी महाराष्ट्राचं नातं याहूनही जुनं आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी पुण्यात हा खेळ खेळत, 1870 च्या दशकात त्याचे सुरुवातीचे नियम पुण्यात बांधले गेले, आणि काही काळ हा खेळ पूना याच नावाने ओळखला जात होता.

नाटेकर किंवा पेरी यांनी एक खेळ सोडून दुसरा धरला. रॅकेटलॉनपटूला काहीच सोडता येत नाही. त्याला प्रश्न पडतो तो वेगळाच: सरावाचे तास मर्यादित असताना वेळ कुठे घालायचा?

गुणांचा हिशेब इथे उत्तर देतो. समजा टेबल टेनिसमध्ये मी तुम्हाला 21-8 हरवतो आणि स्क्वॉशमध्ये तुम्ही मला 21-5. टेबल टेनिसचा आणखी वर्षभर सराव केला तर मी 21-8 चं 21-6 करेन, फायदा दोन गुणांचा. तेच वर्ष स्क्वॉशला दिलं तर पाचाचे बारा व्हायला काही हरकत नाही, फायदा सात गुणांचा. कच्च्या खेळात सुधारणा स्वस्तात मिळते. म्हणून रॅकेटलॉनमध्ये वर असलेले खेळाडू एका खेळात असामान्य आणि उरलेल्यांत बेताचे असे फारसे नसतात. एक-दोन खेळांत उत्तम आणि उरलेल्यांत सहजी न हरणारे, असा त्यांचा घाट असतो.

याची दुसरी बाजू पक्क्या खेळात दिसते. एरवी 20-5 असताना कोणीही थोडा सैल खेळतो, दोन गुण गेले तर काय बिघडलं. इथे ते दोन गुण पुढे टेनिसमध्ये मागितले जातात. 21-5 आणि 21-9 हे दोन्ही विजयच, पण त्यांच्यातले चार गुण एखादा सामना फिरवू शकतात. उलट 5-20 ने मागे असलेला खेळाडूही प्रत्येक चेंडूमागे धावतो, कारण सहावा गुण त्याच्या खात्यात कायमचा जमा होतो. हरलेल्या सेटमधला शेवटचा गुण दोघं जीव तोडून खेळताहेत, असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्या रॅकेटच्या खेळात पाहिलेलं नाही. या खेळावर माझा लोभ आहे तो मुख्यतः यासाठी.

क्रमाचाही मनावर परिणाम होतो. टेबल टेनिसमधला तज्ज्ञ पहिल्या पंधरा मिनिटांत मोठी आघाडी घेतो आणि पुढचा तासभर ती राखत बसतो. टेनिसमधल्या तज्ज्ञाला मात्र तासभर पिछाडी सोसावी लागते. तेरा-चौदा गुणांनी मागे असताना शांत राहायचं, कारण आपलं घर शेवटी आहे, हे बोलायला सोपं. तीन खेळांनंतर तूट एकवीसच्या वर गेली तर टेनिसला उतरायचीही गरज उरत नाही.

आणि चारही खेळांनंतर गुण समसमान झाले तर? मग टेनिसच्या कोर्टावरच एकच गुण खेळतात. त्याला गुमीआर्म म्हणतात. सर्व्हिस कोणाची हे नाणेफेकीने ठरतं, आणि या एका गुणाला दुसरी सर्व्हिस मिळत नाही. पहिली जाळ्यात गेली की सामना गेला. तास-दीड तास चार रॅकेटा फिरवल्यावर, पाय जड झालेले असताना, दोघांनी अगदी सारखेच गुण जमवलेले असताना, एक फेक आणि एक फटका. जोरात मारावी तर चुकण्याची भीती, हळू टाकावी तर समोरचा चढून येणार. बहुतेक जण मधला मार्ग काढतात: वेग थोडा कमी, फिरकी थोडी जास्त, चेंडू समोरच्याच्या बॅकहँडवर. परतवणाराही एरवीपेक्षा पाऊलभर पुढे सरकून उभा राहतो, कारण पहिल्या सर्व्हिसचा तडाखा येणार नाही हे त्याला ठाऊक असतं.

दुहेरीत हाच खेळ जोड्यांनी खेळतात. टेबल टेनिस, बॅडमिंटन आणि टेनिस नेहमीच्या दुहेरीप्रमाणे. स्क्वॉशमध्ये चौघं एकाच कोर्टात शिरत नाहीत: अकरा गुणांपर्यंत प्रत्येक जोडीतला एक खेळतो, पुढे दुसरा. त्यामुळे जोडी निवडताना नुसती मैत्री पुरत नाही. आपण टेनिसवाले असलो तर साथीदार टेबल टेनिसवाला हवा, आणि निदान एकाला तरी स्क्वॉश खेळता यायला हवं.

आपल्या शहरांतल्या कितीतरी जिमखान्यांत आणि क्लबांत टेबल टेनिसचं टेबल, बॅडमिंटनचा हॉल आणि टेनिसची कोर्ट एकाच आवारात असतात. तिन्हीकडे खेळणारी माणसं मात्र वेगळी. टेबल टेनिसची मुलं टेनिसच्या कोर्टाकडे फिरकत नाहीत आणि टेनिसवाले काका बॅडमिंटनच्या हॉलचं दार उघडत नाहीत. स्क्वॉशचं कोर्ट नसेल तर ते वगळून तीन खेळांचा सामना लावायला कोणाची परवानगी लागत नाही. एकवीस त्रिक त्रेसष्ट. हॉलमध्ये आणि स्क्वॉश कोर्टवर डाग न पाडणाऱ्या तळव्याचे बूट घालावेत, टेनिसच्या मातीसाठी दुसरा जोड ठेवावा. रॅकेट उसन्या चालतात, पण एकदम उसनी रॅकेट घेऊन सामन्याला उभं राहू नये, आधी तिच्याने थोडं मारून बघावं. गुण लिहायला एक माणूस बसवावा आणि त्याने प्रत्येक खेळानंतर बेरीज मोठ्याने सांगावी. शेवटच्या खेळाला सुरुवात होण्याआधी पुढे असलेल्याला किती गुण पुरेत हेही जाहीर करावं: आघाडी अगदी एक-दोन गुणांची नसेल तर बावीसमधून ती वजा केली की तो आकडा मिळतो. आघाडी सातची असेल तर पंधरा, बाराची असेल तर दहा.